एकमताची शाळा

शेडगे बाईंना त्या सौद्यात काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू. मुख्याध्यापकाची खुर्ची, जी लवकरच रिकामी व्हायची होती. तरडफाट्यालाच, म्हणजे आहे त्याच गावात, राहण्याची सोय. नाहीतर बदलीच्या यादीत त्यांचं नाव डोंगरापलीकडच्या अशा एका शाळेवर होतं, जिथं एसटी सकाळी एकदा जायची आणि संध्याकाळी परत येईलच असं काही नव्हतं. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत वर्गाची चार-सहा नावं, शाळेच्या फाटकावर फ्लेक्स, आणि त्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात का होईना, स्वतःचा फोटो. एवढ्याच्या बदल्यात द्यायचं काय होतं? आठवड्यातला एक तास. तोही गणिताचा नाही, इंग्रजीचा नाही. नागरिकशास्त्राचा.

खरं बोलायचं तर हा तास कधीच कुणाच्या मालकीचा नव्हता. इतिहासाच्या पुस्तकाला मागं शेपटासारखा चिकटलेला विषय, परीक्षेत गुण मोजके, आणि कुणाचा पोर्शन मागं पडला की पहिली धाड यावरच. पीटीचे सर आजारी पडले तरी पीटीच्या तासाला मुलं मैदानावर जायची. नागरिकशास्त्राच्या बाई ठणठणीत असल्या तरी त्या तासाला फळ्यावर लसावि-मसावि असायचा. तेव्हा शेडगे बाईंनी जगावेगळं काही केलं असं नाही. फक्त त्यांच्या काळात एक गोष्ट नवी आली होती. वर्गाच्या भिंतीवर, घड्याळाशेजारी, एक पेटी बसली होती.

पेटीची हकीकत अशी. गावोगावच्या सभा भरेनाशा झाल्या होत्या. कोरमअभावी सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही या सोयीवर आठ-नऊ जण चहा पिता पिता गावाचं वर्षभराचं भवितव्य उरकून टाकायचे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं यावर उपाय काढला. माणूस काय ठरवेल हे आधी सांगता येत नाही, असं आपण समजतो. प्रयोगशाळेचं म्हणणं, काय ठरवेल ते सोडा. कसं ठरवतो ते पाहा. प्रश्न समोर आला की तो आधी कुणाकडं बघतो, हात वर करायला किती वेळ घेतो, कुणाच्या कुठल्या शब्दावर मत बदलतो, एकटा पडला तर टिकतो की हात खाली घेतो. ही रीत हस्ताक्षरासारखी असते. दहा-अकराव्या वर्षी तिला वळण लागतं आणि पुढं ते फारसं सुटत नाही. ते वळण यंत्राला दाखवलं की यंत्रात त्या माणसाचा एक प्रतिनिधी तयार होतो. माणूस अठराचा झाला की हा प्रतिनिधी त्याच्या वतीनं सभेला बसतो, शंभर पानांचे ठराव वाचतो, आणि ज्याला दुकान किंवा रान सोडून यायला सवड नाही त्याच्या जागी हात वर करतो. याला नाव दिलं ‘प्रतिमत’. चाचण्या घेतल्या तेव्हा माणूस आणि त्याचं प्रतिमत जवळजवळ दर वेळी एकच उत्तर देताना सापडले. कोरमचा प्रश्न कायमचा मिटला.

वळण लागण्याची जागा म्हणून शाळा निवडली गेली, आणि शाळेत दुसरा कुठला तास मिळणार, म्हणून तो बेवारस तास. त्याचं नवं नाव ‘विचारतास’. नियम एका ओळीचा होता. शिक्षकानं शाळेतलाच एक खरा प्रश्न मांडायचा आणि गप्प बसायचं. पोरं भांडतील, समजूत काढतील, रुसतील, मत बदलतील. पेटी बघेल आणि ऐकेल.

गप्प बसणं हे शिक्षकाला सगळ्यात जड काम. त्यात शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर. शेडगे बाईंनी पाचवीच्या वर्गात पहिला विचारतास घेतला तेव्हा प्रश्न होता पाण्याचा. शाळेच्या टाकीला तीन नळ, मधली सुट्टी छोटी, आणि पोरं ढीगभर. आधी कुणी प्यायचं?

क्षणभर वर्गात गलका झाला. बाईंनी छडी टेबलावर वाजवली.

“मोठ्या वर्गांनी आधी. त्यांना शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसायचंय. कळलं का रे सगळ्यांना?”

“हो बाई.”

सगळे हात वर गेले. तिसऱ्या बाकावरून एक हात मात्र अर्धवटच वर आला होता. हात केतकीचा, म्हणजे बाईंच्या पोटच्या मुलीचा. वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे तिला बालवाडीपासून पढवलेलं. ती म्हणाली, “बाई, पण पहिलीतली मुलं लहान आहेत, त्यांना...”

आपण मुलीचे लाड करत नाही हे वर्गाला दाखवून द्यायची बाईंना तेव्हा फार हौस होती. “केतकी, सगळ्यांचे हात वर आहेत. तुझाच अर्धा का?”

हात पूर्ण वर गेला. विचारतास दहा मिनिटांत आटोपला आणि उरलेल्या वेळात बाईंनी नफा-तोटा घेतला. पुढं दर आठवड्याला असंच. प्रश्न बाईंचा, उत्तर बाईंचं, आणि पोरांकडं फक्त ‘हो बाई’.

पेटी काही बोलली नाही. बोलणं तिचं कामच नव्हतं. वर्षाअखेर तिनं अहवाल पाठवला: या शाळेत मतांची एकवाक्यता जवळपास पूर्ण. प्रयोगशाळेतल्या एखाद्यानं तो आकडा वाचून कपाळावर हात मारला असता. पण अहवाल आधी पोचला शिक्षण खात्याच्या टेबलावर, आणि आपल्याकडं ‘बिनविरोध’ हा शब्द म्हणजे केवढी शोभा. सरपंच बिनविरोध निवडून आला की गावाला बक्षीस, वेशीवर कमान, पेढे. तीच नजर इथं लागली. जिथं पोरं एकदाही भांडली नाहीत त्या वर्गाला खात्यानं ‘एकमताची शाळा’ म्हणून गौरवलं. शाल, श्रीफळ, फिरती ढाल. बाकीच्या शिक्षकांनीही बाईंचा तास येऊन पाहिला आणि पद्धत उचलली. बाईंना खुर्ची मिळाली, बदली टळली, आणि फ्लेक्सवरचा फोटो कोपऱ्यातून मध्यभागी सरकला.

ती पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांच्या प्रतिमतांना सभेत बसून बरीच वर्षं लोटली. बाई निवृत्तीला टेकल्या. आणि एका भर दुपारी केतकी आईच्या दारात फोन धरून उभी राहिली.

केतकी गावातच, खालच्या आळीत दिलेली. नवरा ट्रकवर, सासरे अंथरुणाला, आणि सगळं घर तिच्या रोपवाटिकेवर उभं. डाळिंबाची, सीताफळाची कलमं. काळ्या पिशव्यांत हजारोंनी लावलेली. त्यांना रोज पाणी लागतं. चार दिवस चुकलं की कलम मान टाकतं आणि परत उचलत नाही.

“आई,” ती म्हणाली, “मी माझ्याच विरोधात मत दिलंय.”

बाईंना आधी कळेचना. ठराव असा होता. फाट्याजवळ जिल्ह्याचं यंत्रघर उभं होतं. सगळ्या तालुक्यांची प्रतिमतं तिथंच चालायची. लाखो माणसांच्या वतीनं विचार करणारं यंत्र तापतं, आणि ते थंड ठेवायला पाणी लागतं. उन्हाळ्यात तलाव खाली जातो, म्हणून पाणी आधी यंत्रघराला द्यावं आणि खालच्या आळीला आठवड्यातून एकदा, असं नगरपंचायतीच्या सभेत मांडलं गेलं. मंजूर झालं. एकमतानं. ज्यांचे नळ कोरडे पडणार होते, त्या खालच्या आळीच्याही प्रतिमतांनी झाडून सगळे हात वर केले होते. त्यात एक केतकीचं.

परगावाहून आलेल्या सुनांची प्रतिमतं अजून माहेरच्याच सभेत बसायची. पेटीआधी शिकलेल्या वयस्कर माणसांना प्रतिमत नव्हतं, त्यांनी स्वतः सभेला जायचं असे, आणि फारसं कुणी जात नसे. बाई गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांचा सत्कार होता.

“यंत्र बिघडलं असेल गं,” त्या म्हणाल्या. “कोण स्वतःचं पाणी तोडायला हात वर करेल? चल, विश्वजितला सांगते. माझाच विद्यार्थी आहे.”

विश्वजित लोखंडे नगरपंचायतीत प्रतिमतांचं टेबल सांभाळायचा. बाईंना पाहताच उठला, स्वतःची खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. बाईंची शंका ऐकून तो हसला. म्हणाला, बाई, तुमच्या शाळेच्या मुलांचं काम म्हणजे आमची चैन आहे. दुसऱ्या गावांत यंत्र दोन-दोन दिवस घरघरतं, एकेकाचं म्हणणं ऐकत बसतं. आपल्याकडं चहा यायच्या आत निकाल लागतो. मग त्यानं पडदा त्यांच्याकडं वळवला. प्रतिमताला नुसता हात वर करून चालत नाही, आत कारणही सांगावं लागतं. केतकीच्या नावापुढं कारण होतं: ‘समोरच्या मोठ्या व्यक्तीचं बोलणं संपलं.’

त्याखालच्या नावापुढं तेच. त्याखाली तेच. विश्वजित पानं वर सरकवत राहिला आणि तेच एक वाक्य विहिरीच्या पायऱ्यांसारखं खाली खाली जात राहिलं.

“हे काय कारण झालं?” बाई म्हणाल्या. “ही मोठी व्यक्ती कोण?”

विश्वजितनं मान खाली घातली. अगदी आदरानं म्हणाला, “तुम्हीच की बाई.”

चहा आला आणि निवत राहिला. बाईंनी विचारलं, आणि तुझं रे? त्यानं स्वतःचं नाव शोधलं. तेच वाक्य. त्याची आई खालच्या आळीतच राहायची. तो पुन्हा हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

“म्हणजे यंत्र चुकलंय ना?” केतकीनं विचारलं.

“नाही ताई. मी तपासलं. यंत्रानं आपल्याला बरोबर ओळखलंय.”

उपाय होता. ठरावावर हरकत घेता यायची. मुदत आठवड्याची, आणि खालच्या आळीतल्या दोनशे जणांनी जातीनं यायचं. पूर्वी लोक बोटाच्या टोकानं कशावरही हरकत घ्यायचे, म्हणून कायद्यानं अट घातली होती: नुसतं ‘नको’ म्हटलं तर ती तक्रार. हरकत म्हणजे ‘हे नको, त्याऐवजी अमुक करा, आणि त्याचा भार तमुकानं उचलावा’ एवढं स्वतःच्या तोंडानं सांगणं. दुसऱ्यानं मध्ये बोलून चालणार नाही.

बाई घरी परतल्या त्या कंबर कसूनच. एवढ्या वर्षांत शिकवलेली पोरं, शब्दाबाहेर जाणार नव्हती. त्यांनी निरोप धाडले आणि दुसऱ्याच संध्याकाळी शाळेचा हॉल भरला. टायरचं दुकान बंद करून रफीक मुलाणी आला, ड्युटी बदलून नर्स सारिका बनसोडे आली. पोरंबाळं काखेत घेऊन बायका आल्या. बाईंना पाहून सगळे उठून उभे राहिले. आणि इथं बाईंनी तेच केलं, जे त्यांना येत होतं. फळ्यावर आदर्श उत्तर लिहून दिलं: ‘यंत्रघराला तलावाचं पाणी न देता गावाचं सांडपाणी शुद्ध करून द्यावं.’ सगळ्यांनी उतरवून घेतलं. दोनदा म्हणून घेतलं. रफीक मागून म्हणाला, “बाई, गाईडमध्ये बघायची गरजच नाही,” आणि हॉलभर खसखस पिकली. बाईही हसल्या. वर्गात शांतता होती, वह्या उघड्या होत्या, सगळं कसं छान चाललं होतं.

हरकतीच्या दिवशी नगरपंचायतीसमोर रांग लागली. खिडकीत माणूस नव्हता. एक पडदा आणि एक सौम्य आवाज. आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा, स्वच्छ आणि घाई नसलेला. बाई नियमाप्रमाणे रांगेपासून दूर, जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ऐकू मात्र सगळं येत होतं.

पहिला रफीक. त्यानं एका दमात उत्तर म्हटलं.

“पर्याय चांगला आहे,” आवाज म्हणाला. “ते शुद्ध पाणी सध्या माळावरच्या चाऱ्याला जातं. त्या लोकांचं कमी करावं की बंद करावं? तुम्हाला काय वाटतं?”

हे फळ्यावर नव्हतं. रफीकनं मान वळवून पायरीकडं पाहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“तुम्हीच ठरवा की,” रफीक म्हणाला.

“ठरवलं आहे. ठराव मंजूर आहे. आपली तक्रार नोंदवली. धन्यवाद.”

मागून सारिका. चांगली शिकलेली, दवाखान्यात डॉक्टरलाही दोन शब्द सुनावणारी. तिनंही तेच वाक्य म्हटलं, तोच प्रश्न आला, आणि तिचीही मान वळली. तक्रार नोंदवली, धन्यवाद. एकामागून एक. पाण्यावाचून हाल होतील हे प्रत्येकाला सांगता येत होतं, काही जण तर रडवेले झाले. पण मग काय करू, कुणाचं कमी करू, असं आवाजानं विचारलं की प्रत्येक मान कुणी दोरीनं ओढल्यासारखी पायरीकडं फिरायची. बाईंना ती वळणारी मान ओळखीची होती. त्यांनीच तर ती वळवली होती. त्या पायरीवर बसून राहिल्या.

मग छाया आली. मुलाण्यांच्या शेजारची सून, डोक्यावर पदर, कडेवर पोर. माहेर कुठलंसं मुरूमवाडी. बाईंच्या हॉलमध्ये ती आलीच नव्हती. आवाजानं चाऱ्याचं विचारलं तर ती उलट त्यालाच विचारू लागली: चारा किती जणांचा? यंत्र दिवसाच का चालवता, गार वाऱ्याला का नाही? सभा काही रोज नसते, मग रोज एवढं तापायचं कारण काय? पाव तास दोघांची जुंपली. मध्ये एकदा तिनं आपलं म्हणणं बदललंसुद्धा; चारा बंद नको म्हणाली, जनावरांचं माझ्या ध्यानात नव्हतं, पावसाळ्यात त्यांना दुप्पट द्या आणि आता निम्मं. आवाज म्हणाला, “हरकत नोंदवली.” त्या दिवशी हे शब्द बाईंनी पहिल्यांदा ऐकले.

त्यांनी तिला जिन्यापाशी थांबवलं. विचारलं, कुणी शिकवलं गं तुला हे?

“कुणी नाही बाई,” छाया म्हणाली. “आमच्या गुरुजींना काहीच येत नव्हतं. प्रश्न विचारायचे आणि खिडकीतनं बाहेर बघत बसायचे. आम्ही नुसती भांडत असायचो.”

त्यानंतर ज्या ज्या हरकती लागल्या त्या सगळ्या सुनांच्या. परगावाहून आलेल्या, दुसऱ्या कुठल्या शाळेत शिकलेल्या. तीसएक झाल्या असतील. दोनशे हव्या होत्या. तरडफाट्याच्या लेकी आणि लेक मात्र येत होते, वाक्य म्हणत होते आणि मान वळवत होते.

रांगेच्या शेवटी केतकी होती. बाईंनी मनाशी म्हटलं, हिचं वेगळं. हिला पाण्याचा थेंबन् थेंब माहीत आहे, माळावर कुणाचा किती चारा आहे तेही माहीत आहे. त्या चाऱ्याच्या बांधावरूनच ही रोज कलमं पोचवायला जाते. केतकीनं फळ्यावरचं वाक्य म्हटलंच नाही. तिनं सरळ सांगितलं की माळावर चार घरांचा चारा आहे, पैकी दोघांच्या विहिरींना पाणी आहे. बाई पायरीवर पुढं सरकल्या.

“म्हणजे ज्यांना विहीर आहे त्यांचं बंद करावं?” आवाजानं विचारलं. “की चौघांचं सारखं कमी करावं? तुमचं मत काय?”

केतकीनं तोंड उघडलं. तिचा उजवा हात खिडकीच्या कठड्यावरून उचलला गेला, अर्धा वर, खांद्यापर्यंत. तिथंच थांबला. पाचवीतला तिसरा बाक बाईंच्या डोळ्यांसमोर आला. बोल, त्या मनात म्हणत होत्या, बोल गं, चूक असलं तरी बोल.

केतकी वळली. एवढी मोठी बाई, घर चालवणारी, हाताला मातीचे घट्टे पडलेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता भरवसा होता, आणि बाईंना तोच सहन होईना.

“सांगा ना, बाई,” ती म्हणाली.

आवाजानं धन्यवाद दिले.

आता हिशेब मिटवू. शेडगे बाईंना जे मिळायचं होतं ते सगळं मिळालं. खुर्ची, गावातलं राहणं, ढाल, फोटो, आणि पुढच्याच महिन्यात निवृत्तीचा हारही. त्यातलं काहीही कुणी परत मागितलं नाही. यंत्रघर थंड आहे, आणि तिथं त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रतिमतं अजून चहा यायच्या आत निकाल देतात. निवृत्तीआधी बाईंनी एकदा पाचवीच्या वर्गावर जाऊन प्रश्न मांडला आणि तास संपेपर्यंत त्या गप्प उभ्या राहिल्या; पोरंही गप्प बसली आणि घंटेनंतर एकीनं विचारलं, बाई, उत्तर लिहून देता का. केतकीच्या कलमांनी माना टाकल्या. काळ्या पिशव्या तिनं झटकून, घड्या घालून ठेवल्या. आईशी ती भांडली नाही. बाई जे म्हणतात त्याला हो म्हणते. सुनांनी आपली प्रतिमतं माहेरून इथल्या सभेत आणायला अर्ज केलाय, त्याचं काय होतं ते होईल.

बाईंनी वाचवलेला तास बाईंचा नव्हता. ज्यांचा होता, ते आठवड्यातून एकदा, पाणी यायच्या वेळेला, खालच्या आळीच्या नळावर हंडे घेऊन उभे असतात. रांग अगदी सरळ असते. कुणी मध्ये घुसत नाही, कुणी आवाज करत नाही, कुणी काही विचारत नाही.